विसाचा भाव

सोमवारी मधल्या सुट्टीत नव्या कराराचा कागद हातात पडला आणि बाईंच्या पायाला भिंगरी लागली, ती गुरुवारपर्यंत काही सुटली नाही.

कागद दिला शाळेच्या कार्यालयातल्या कारकूनबाईंनी. "गुरुवारी चारपर्यंत परत," त्या म्हणाल्या. "सही केलेला, नाहीतर कोरा. आणि यंदापासून एका वर्षाचा करार बंद झालाय. राहायचं तर पुरी दोन वर्षं."

"पण मला दहाच महिने हवे आहेत," बाई बोलून गेल्या.

"दहा महिने? शाळा आहे ही, भाड्याची सायकल नाही," कारकूनबाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

आता हे दहा महिने आले कुठून, ते सांगायला हवं. बाई गणिताच्या. वय सेहेचाळीस. घर, नवरा आणि एकुलती लेक मागे ठेवून परमुलखातल्या या शाळेत शिकवायला आल्या, त्याला चार वर्षं आठ महिने झाले होते. हौस म्हणून आल्या नव्हत्या. घर सासऱ्यांनी बांधलेलं. खाली नवऱ्याचं विजेच्या मोटारी बांधून द्यायचं दुकान, वर चार खोल्या. थोरले दीर दुसऱ्या गावी कायमचे राहायला गेले आणि त्यांना आपला अर्धा वाटा मोकळा करून हवा झाला. "बाहेरच्याला विकण्याआधी तुम्हाला विचारतो," दीर म्हणाले. "तीस लाख. हप्त्याहप्त्याने नको, एकरकमी. पाच-सहा वर्षं थांबतो मी." दीर भले म्हणून तर थांबायला तयार झाले. पण जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळून तीस लाख उभे राहत नाहीत, एवढं कळायला गणित शिकलेलं असावं लागत नाही. बाईंनी परदेशी अर्ज केला, निवड झाली, आणि लेक चौथीत असताना बाई विमानात बसल्या. बोलणं एवढंच झालं होतं की तीस लाख झाले, की त्या दिवशी परत.

बाईंच्या वहीप्रमाणे पंचवीस झाले होते. पाच राहिले. महिन्याला पन्नास हजार, म्हणजे दहा महिने. साधा भागाकार.

त्या वहीबद्दलही सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. बाईंचा पगार इथल्या पैशांत पाच हजार दोनशे. त्यातले अकराशे भाड्याचे. घर दोघींत होतं, मोठी खोली सोबतिणीला आणि छोटी, जिची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते ती, बाईंना. वीज-पाणी एकशेचाळीस. बसचा पास साठ. फोन पंचेचाळीस. खाणंपिणं साडेतीनशे, आणि त्यात बाई सगळं असं काही बसवत की दुकानदाराने शिकवणी लावावी. घरखर्चाला घरी नऊशे. आणि अडीच हजार बाजूला, दिरांच्या वाट्यासाठी, घरच्या बँकेत. उरत एकशेपाच. त्या एकशेपाचात चपलेचा पट्टा, डोकेदुखीची गोळी, कुणाच्या वाढदिवसाची वर्गणी आणि बाईंची सगळी चैन. चैन म्हणजे शनिवारी एक कप विकतची कॉफी. तीही यंदा बंद केली होती.

छप्पन महिन्यांतल्या पन्नास महिन्यांत हे अडीच हजार गेले. उरलेले सहा महिने घराची अनामत, विमानाची तिकिटं आणि एक दाढ यांनी खाल्ले. दाढेचा राग बाईंच्या मनातून अजून गेला नव्हता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विसाचा भाव. पहिल्या महिन्यात बाई पैसे पाठवायच्या दुकानात गेल्या तेव्हा फलकावर लिहिलं होतं, इथल्या एकाचे घरचे वीस आणि वर काही पैसे. बाईंनी वरचे पैसे सोडले आणि वीस धरले. गुणायला सोपे. मग तेच वीस डोक्यात पक्के बसले. डझनभर अंडी दिसली की गुणिले वीस. छत्री गुणिले वीस. केस कापून घ्यायचे तर गुणिले वीस, आणि मग बाई आरशासमोर उभ्या राहून स्वतःच कात्री चालवत. परदेशात राहणारा प्रत्येक जण पहिली दोन-तीन वर्षं असा गुणाकार करतो आणि मग कधीतरी कंटाळून थांबतो. बाई काही थांबल्या नाहीत.

सोमवारी शाळा सुटल्यावर त्या बसमध्ये चढल्या आणि दोन थांबे आधीच उतरल्या. बसून राहवेना. लांबच्या दुकानात तेल स्वस्त होतं म्हणून तिकडे चालत गेल्या, तेल न घेताच बाहेर पडल्या, पुन्हा आत गेल्या, घेतलं. दोन वर्षं म्हणजे लेक अकरावीत जाणार. दहा महिने म्हणजे दहावीत असताना तरी हाती लागणार. सही केली तर दिरांचे तीस लाख होऊन वर सात राहतील. नाही केली तर पंचवीसच आणि अर्धं घर परक्याचं. बाईंनी हे मनात इतक्या वेळा मांडलं की रस्ता ओलांडताना एका गाडीवाल्याने भोंगा वाजवून त्यांना जागं केलं.

घरी येऊन फोन बघितला. महिन्याची दोन तारीख. नवऱ्याने नेहमीप्रमाणे घरखर्चाच्या कागदाचा फोटो पाठवला होता. दूध, भाजी, वीज, लेकीची शिकवणी, दुकानातल्या पोऱ्याचा पगार नको तिथे घातलेला, आणि खाली बेरीज. बाईंनी नुसती नजर फिरवली आणि चूक सापडली. नव्वद कमी.

तशाच उभ्याउभ्या त्यांनी फोन लावला. "अहो, बेरीज चुकलीय. दशकाच्या घरात बघा. नऊ कुठे गेले?"

"अरेच्चा," नवरा म्हणाला. "चुकलं वाटतं. थांब, पहिल्यापासून सांगतो, तू धर."

हे दर महिन्याचं होतं. पहिल्या वर्षी त्याचे हिशेब चोख असत. मग काय झालं कोण जाणे, दर महिन्याला कुठेतरी नव्वद खाल्लेले, कुठे दोनशे जास्तीचे. वय झालं, बाई म्हणत. मोटारीच्या आवाजाने डोकं कामातून गेलं, असंही म्हणत. मग तो पहिल्यापासून एकेक रक्कम वाचून दाखवी, बाई जोडत जात, आणि मध्येच दुधावरून दूधवाल्याच्या लग्नावर, शिकवणीवरून लेकीच्या बुटांवर गाडी घसरे. अर्धा तास कुठेच गेलेला नसे. फोन ठेवल्यावर बाई म्हणत, या माणसाला बेरीज शिकवायची राहिली ती राहिलीच.

त्या दिवशीही अर्धा तास झाला. कराराचं मात्र बाई बोलल्या नाहीत. तोंडाशी आलं होतं, तेवढ्यात नवऱ्याने शेजारच्यांच्या पाण्याच्या पंपाची गोष्ट काढली आणि राहून गेलं. खरं म्हणजे राहू दिलं.

मंगळवारी नववीच्या वर्गात त्यांनी चक्रवाढ व्याजाचं एक उदाहरण फळ्यावर दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा पुसलं. दुपारी शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी विचारलं, सही झाली का? बाईंनी हो-नाही असं काहीतरी डोकं हलवलं. संध्याकाळी वही, पेन आणि कराराचा कागद घेऊन त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या, उठल्या, ओटा पुसला, पुन्हा बसल्या.

त्यांची सोबतीण समोर नखं रंगवत होती. ती रसायनशास्त्र शिकवायची, म्हणून सगळी शाळा तिला केमिस्ट्रीच म्हणायची. आपल्याच भाषेची, बत्तीस वर्षांची, आणि पैशाच्या बाबतीत बाईंचं दुसरं टोक. पगार झाला की पहिल्या आठवड्यात ती राणी असे आणि शेवटच्या आठवड्यात बाईंकडून कांदे उसने मागे.

"ताई, किती वेळा तेच तेच लिहिताय? बघू," म्हणत तिने ओल्या नखांनीच वही ओढली. वाचता वाचता तिचा ब्रश हवेत थांबला. "हे काय? सगळीकडे गुणिले वीस?"

"तोच भाव धरलाय मी. पहिल्यापासून."

"ताई, कालच मी आईला पैसे पाठवले. चोवीस ऐंशी भाव आहे. वीस कधी होता? मी इथे आले तेव्हाच बावीस होता!"

"हातचा राखून धरलेलं बरं असतं," बाई म्हणाल्या. "भाव वर जातो तसा खालीही येतो."

"येऊ दे की! पण गेलेले पैसे तर त्या त्या दिवशीच्या भावाने गेले ना? ते काय परत येऊन म्हणणार आहेत का, आम्हाला विसाने मोजा?" केमिस्ट्रीने वही टेबलावर आपटली. "पावत्या आहेत का तुमच्याकडे?"

पावत्या नसायला काय झालं? पन्नासच्या पन्नास पावत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तारीखवार होत्या. प्रत्येकीवर घरी पोचलेली रक्कम छापलेली होती. बाईंनी दर महिन्याला पावती घेतली, घडी घातली, डब्यात टाकली, आणि वहीत लिहिलं, अडीच हजार गुणिले वीस. बेरीज करणं जिच्या पोटापाण्याचं, तिने त्या पन्नास पावत्यांची बेरीज कधी केली नव्हती.

दोघी जमिनीवर बसल्या. केमिस्ट्री वाचत गेली, बाई लिहीत गेल्या. पहिल्या पावतीवर पन्नास हजार दोनशे. मग एक्कावन्न, चोपन्न, सत्तावन्न. शेवटची बासष्ट हजार. बेरजेच्या रेघेखाली बाईंनी आकडा लिहिला. एकोणतीस लाख चार हजार. दोनदा तपासला. तोच आला.

"आणि व्याज?" केमिस्ट्री म्हणाली.

त्याच दिवशी सकाळी फळ्यावर लिहून पुसलेली रीत बाईंना काही नव्याने शिकायची नव्हती. पाच वर्षांचं व्याज म्हणजे कसंही धरलं तरी तीन-चार लाख. तीस लाख केव्हाच होऊन गेले होते.

"ताई, म्हणजे तुम्ही घरी चाललात!" केमिस्ट्रीने टाळी वाजवली आणि नखांचा रंग तळव्याला लागला. "अहो, हसा की!"

बाईंना हसू येईना. पावत्या गोळा करून त्यांनी डबा बंद केला, उघडला, पुन्हा बंद केला. "जरा पाय मोकळे करून येते," म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

पाय मोकळे करून करून मोकळे होतात किती? बाईंनी त्या वसाहतीला तीन चकरा मारल्या. वाटेत पैसे पाठवायचं दुकान लागलं. फलकावर लाल आकडे, चोवीस ऐंशी. हाच फलक. दर महिन्याच्या पाच तारखेला याच्याखाली रांगेत त्या उभ्या राहत. एकवीस वाचला, बावीस वाचला, साडेतेवीस वाचला. चष्म्याचा नंबर काही एवढा वाढला नव्हता. मग तो भाव त्यांनी वहीत का उतरवला नाही?

आणि मग बाईंना ते आठवलं, जे आठवायचं त्या टाळत होत्या. दोन वर्षांपूर्वीची उन्हाळ्याची सुट्टी, पाच आठवडे घरी. पहिल्याच दिवशी चहा करायला गेल्या, तर साखरेचा डबा जागेवर नव्हता. फडताळ सगळं नव्याने लावलेलं. बाई एकेक झाकण उघडून बघत होत्या आणि बारा वर्षांची लेक मागून आली. "आई, तू बस ना बाहेर. मी देते करून," ती म्हणाली. प्रेमानेच म्हणाली. पाहुण्याला म्हणतात तसं म्हणाली. बाई बाहेर जाऊन बसल्या आणि चहा आला, बशीत बिस्किटं घालून.

घर त्यांच्यावाचून व्यवस्थित चालायला शिकलं होतं. नवरा भाकऱ्या टाकायला शिकला, लेक वेणी घालायला शिकली. इथे निदान बाईंना ठाऊक होतं की त्या कोण आहेत, घरी दर महिन्याला अडीच हजार पाठवणाऱ्या. ते पाठवणं संपलं, की मग? भीती वाटत होती त्यांना. साधी, सरळ भीती. तीस लाख होईपर्यंत तिच्याकडे बघायचं कारण नव्हतं, म्हणून त्या तीस लाख होऊच देत नव्हत्या. हातचा राखला होता तो भाव पडेल म्हणून नव्हे.

हे त्यांना फुटपाथवर उभं असताना कळलं, आणि कळल्यावर स्वतःचाच असा राग आला की त्या तशाच घरापर्यंत तरातरा चालत गेल्या.

पण आणखी एक किडा डोक्यात वळवळायला लागला तो रात्रभर गेला नाही. बँकेचे सगळे संदेश नवऱ्याच्या फोनवर जात. खातं तिथलं, नंबर तिथला. पासबुक तोच भरून आणायचा. मग तीस लाख झालेले त्याला दिसले नाहीत?

बुधवारी शाळा सुटल्यावर बसथांब्यामागच्या बाकावर बसून त्यांनी फोन लावला. तिकडे दुकान बंद करायची वेळ होती.

"अहो, बँकेत किती आहेत?"

"का गं? काही अडचण आलीय का? पाठवू का तिकडे?"

"अडचण नाही. आकडा सांगा."

"तेहतीस लाख बारा हजार," नवरा म्हणाला. वही न उघडता, न अडखळता. दूध आणि भाजी ज्याला जोडता येत नव्हती, त्याच्या जिभेवर लाखांचा आकडा तयार होता.

"तीस कधी झाले?"

मग तो म्हणाला, "झाले असतील चार महिने."

"चार महिने! आणि तुम्ही हूं की चूं केलं नाहीत? मी इथे एक कप कॉफी पीत नाही, स्वतःचे केस स्वतः कापते, शेजारीपाजारी मला वेडी समजतात, आणि तुम्ही चार महिने तोंडाला कुलूप लावून बसलात?"

"मला वाटलं, तुला ठाऊक असेल. तू गणिताची. मी काय, मोटारी बांधणारा. तुझ्या आधी मला कसं कळेल?"

"मला ठाऊक असतं तर मी इथे बसले असते का?"

"तेच मी रोज स्वतःला विचारत होतो," नवरा हळूच म्हणाला. "मग वाटलं, तुला यायचं नसेल."

समोर बस येऊन थांबली, दार उघडलं, मिटलं, बस गेली.

"विचारायचं होतंत," शेवटी त्या म्हणाल्या.

"कोणत्या तोंडाने विचारू? घर माझ्या बापाचं, वाटा माझ्या भावाचा, आणि पोटाला चिमटा घेऊन पैसे पाठवतेस तू. पाच वर्षं झाली. आता वर मीच म्हणू, पुरे झालं, ये? तिकडे तुला मान आहे, पगार आहे. तुला तिथे बरं वाटत असेल, तर माझ्या 'ये'पायी तुझं मन मोडेल. म्हटलं, तिची ती येईल तेव्हा येईल."

आता खरं बोलायची पाळी बाईंची होती. चिडून फोन आपटणं सोपं होतं. पण पन्नास पावत्यांचा डबा डोळ्यांसमोरून जाईना.

"मला भाव दिसत होता," त्या म्हणाल्या. "दर महिन्याला फलकावर वाचत होते. मी मुद्दाम धरला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मला भीती वाटत होती. तुमचं दोघांचं माझ्यावाचून छान चाललंय. गेल्या खेपेला मला साखरेचा डबासुद्धा सापडला नाही हो माझ्या घरात. पैसे पाठवणं थांबलं तर तुम्हाला माझी गरज काय उरणार?" बोलता बोलता त्यांनी पदराऐवजी ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या म्हातारबाबांनी सभ्यपणे रस्त्याकडे तोंड केलं.

तेवढ्यात फोनमधून वेगळाच आवाज आला. "आई, आता मीच सांगते. हे काही सांगायचे नाहीत."

लेक. फोन स्पीकरवर होता आणि बाईंना पत्ता नव्हता.

"तू आत जा, अभ्यास कर," नवरा म्हणाला.

"नाही जात. आई, बाबा हिशेब मुद्दाम चुकवतात."

"काय?"

"कच्च्या कागदावर आधी बरोबर बेरीज करतात. मी तपासते ना! मग पक्क्या कागदावर उतरवताना नव्वद नाहीतर दोनशे खातात. कारण बरोबर असला की तू नुसता अंगठा पाठवतेस. पहिलं वर्षभर अंगठेच आले. एकदा चुकून चूक झाली, तर तू फोन केलास आणि अर्धा तास बोललीस. तेव्हापासून दर दोन तारखेला हे दुकान सातलाच बंद करतात आणि फोन हातात धरून बसतात. या वेळी मी म्हटलं, नव्वद गेल्या महिन्यातच झालेत, दुसरं काहीतरी खा. तर म्हणाले, तिला नव्वद पटकन सापडतात."

दुकानात कुठेतरी पंखा कुरकुरत होता तेवढा ऐकू आला. बाई हातातल्या फोनकडे बघत राहिल्या. म्हणजे चार वर्षं या माणसाला त्या बेरीज शिकवत होत्या. वय झालं म्हणत होत्या. एकदा तर लेकीची पाढ्यांची जुनी वही काढून बसा, असंही बोलल्या होत्या, आणि तो "बसतो" म्हणाला होता.

"आणि आई, साखर वरच्या फळीवर आहे," लेक म्हणाली. "मुंग्या यायच्या म्हणून वर ठेवली. एवढंच. तू तेव्हा विचारलं का नाहीस?"

बाईंना हसू आणि रडू एकाच वेळी आलं आणि दोन्हींतलं एकही धड करता येईना. "उद्या बोलते," एवढंच म्हणून त्यांनी फोन बंद केला, आणि पुढची बसही जाऊ दिली.

गुरुवारी चारला दहा मिनिटं असताना त्या कार्यालयात गेल्या आणि कागद कारकूनबाईंपुढे ठेवला. कारकूनबाईंनी सहीची जागा बघितली, कोरी.

"विसरलात?"

"नाही. विसरले नाही."

"दहा महिन्यांसाठी मी मुख्याध्यापकांशी बोलून बघू शकते. तुमच्यासाठी म्हणून," कारकूनबाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या.

"दहा महिन्यांचं गणित चुकलं होतं माझं," बाई म्हणाल्या आणि शिक्का मारलेली पोच घेऊन बाहेर आल्या.

बसथांब्यामागच्या त्याच बाकावर बसून त्यांनी वही उघडली. शेवटचं कोरं पान काढलं. वर तारीख घातली, आणि भावाच्या जागी त्या दिवशी फलकावर होता तोच भाव, चोवीस ऐंशी. मग एकाखाली एक लिहीत गेल्या. विमानाचं तिकीट चौदाशे. जास्तीच्या सामानाचे दोनशेवीस. पुस्तकांचं खोकं बोटीने एकशेऐंशी. विमानतळाची बस पंधरा. लेकीचे बूट एकशेसाठ. खाली रेघ मारली. बेरीज मनातल्या मनात केव्हाच झाली होती. एकोणीसशे पंचाहत्तर.

बाईंनी पेन उचललं, इकडेतिकडे बघितलं, आणि रेघेखाली ठळक अक्षरांत लिहिलं, अठराशे पंचाऐंशी. बावीस वर्षांच्या नोकरीत जाणूनबुजून चुकीचं उत्तर त्यांनी पहिल्यांदाच लिहिलं होतं. पानाचा फोटो काढला आणि पाठवून दिला. मग फोन मांडीवर उताणा ठेवून बसल्या.

एक बस आली. दार उघडलं. चालकाने मान हलवून विचारलं, बाईंनी हाताने नाही म्हटलं. दार मिटायच्या आत फोन वाजला.

"अगं," नवरा म्हणाला. धावत आल्यासारखा श्वास लागला होता. "अगं, बेरीज चुकलीय तुझी. नव्वद कमी धरलेस."

"अरेच्चा," बाई म्हणाल्या. "चुकलं वाटतं. थांबा, पहिल्यापासून सांगते, तुम्ही धरा."